आत्येच्या झोपेवर चारशे माणसं

आमच्या आडखोल गावात निवांत बसण्याच्या तीन पाळ्या होत्या. सकाळी सात ते अकरा, अकरा ते तीन आणि तीन ते सात. पाहुण्यांना गाव निवांत दिसावं म्हणून विश्रांतीगृहाची कंपनी या बसण्याचा पगार द्यायची. देवळात गाऱ्हाणं घालणारा, कौल लावणारा घाडी जयवंत सकाळच्या पाळीला पिंपळाच्या पारावर बसायचा. एकदा बसल्या बसल्या त्याने जाळं विणायला घेतलं, तर कंपनीकडून त्याला लेखी समज मिळाली. ‘कर्मचारी कामाच्या वेळेत काम करताना आढळला.’ जयवंतने ती चौकट करून घरात लावली. त्याच्या खानदानात असला आरोप आजवर कोणावर झाला नव्हता.

पाहुणे यायचे ते विश्रांतीला. खाडीकडच्या उतारावर कंपनीच्या चारशे खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत शहरातून आलेलं एक दमलेलं माणूस. ही माणसं किल्ला बघत नसत, समुद्रात डुंबत नसत. ती येऊन झोपत. ज्या झोपेवर ती झोपत, ती झोप माझ्या आत्येची होती.

हे जरा समजावून सांगायला हवं. लंबकाची दोन घड्याळं एकाच फळीला टांगली, की काही वेळाने दोन्ही लंबक एकमेकांशी ताल जुळवून घेतात. फळी किंचित हलते. आपल्याला ते दिसत नाही, घड्याळांना कळतं. माणसांचंही तसंच आहे. एकत्र भजन म्हणणाऱ्यांचे श्वास एका लयीत येतात, श्वासामागून हृदयाचे ठोकेही येतात. कंपनीने यातून लयवाहक नावाचं यंत्र बनवलं. एका संथ माणसाच्या दंडाला पट्टा बांधायचा. त्याचे ठोके आणि श्वास पट्टा टिपणार. चारशे गाद्यांखालच्या चारशे चकत्या त्याच लयीत, कळेल न कळेल इतक्या हलक्या, दाबल्या जाणार. वीस मिनिटांत पाहुण्याचा श्वास लांबतो, ठोके उतरतात, कपाळाच्या आठ्या जातात.

मग एकदाच टिपून घ्यायचं आणि तेच वाजवत बसायचं, जिवंत माणूस कशाला? तसं करून पाहिलं होतं. शरीर दहा मिनिटांत ओळखतं, की समोर कोणी नाही. जिवंत लय थोडी देते, थोडी घेते. म्हणून पट्टासुद्धा पाहुण्यांची सरासरी लय दंडाला हलकेच दाबून परत सांगत असे. करारात याला ‘परस्पर आदानप्रदान’ म्हटलं होतं. मला वाटलं, उगाच काव्य केलंय.

यंत्रासाठी कंपनीने सगळ्या गावाच्या नाड्या मोजल्या. द्वारका आत्येची जेवणानंतरची नाडी सेहेचाळीस भरली. डॉक्टरांनी उपकरण बिघडलं म्हणून दोनदा बदललं. आत्ये दुपारी दीड ते चार झोपायची, रोज, गेली पन्नास वर्षं. शेजारी मेस्त्र्याची करवत चालू असो नाहीतर दारात वरात नाचत असो. तिच्या लग्नाचा मुहूर्त दुपारी दोनचा निघाला म्हणून तिने लग्न मोडलं, असं गावात सांगतात. तिला विचारलं तर ती म्हणायची, “दोन नाय, अडीच.”

आईवडिलांच्या मागे मला तिनेच वाढवलं. करारावर सही कर म्हणून तिच्या मागे लागले तीही मीच. “आत्ये, तू झोपतंसच. नुसतो पट्टो बांधूचो,” असं मी म्हणाले. साक्षीदार म्हणून माझी सही, प्रणिता, आणि हुद्दा लय-सहायक. कामाचं स्वरूप: आत्येच्या पायाशी बसणे आणि तिला कोणी उठवणार नाही हे पाहणे.

पहिल्या वर्षी चाळीस खोल्या होत्या. काही बिघडलं नाही. मग चारशे झाल्या आणि कंपनीने गावात शांत वेळ लागू केली, एक ते पाच. मेस्त्र्याची करवत बंद. एसटी हॉर्न वाजवते म्हणून तिचा थांबा तीन किलोमीटर लांब नेला. सुभद्रा मासेवाली ओरडायची म्हणून तिच्या गळ्यात पाटी आली: बांगडा, मोरी, सुळे. सुभद्राला वाचता येत नव्हतं, त्यामुळे टोपलीत काय आहे ते आता गिऱ्हाईक तिला सांगायचं. शाळेत पाढे मनात म्हणायचा नियम झाला. सगळी मुलं पहिल्या नंबराने पास झाली.

एका सकाळी आत्येने मला विचारलं, “किती वाजले गे?”

हा प्रश्न मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पुढच्या आठवड्यात ती उभ्याने जेवायला लागली. मांजर दूध सावकाश पितं म्हणून तिच्यावर खेकसली. मग एकदा सकाळी सातला ती घरात दिसेना. शोधत गेले तर व्हाळाच्या, म्हणजे वेशीवरच्या ओढ्याच्या, काठावरच्या जुन्या एसटी थांब्यावर पिशवी घेऊन उभी. पिशवी रिकामी होती.

“आत्ये, हयसर बस येणा नाय आता. वरस झाला.”

“ठावक हा.”

“मगे खंय जातंस?”

“खंयच नाय. पण उशीर झालो.”

तिचा हात धरला तर नाडी चौऱ्याण्णव होती. मी तिला घरी आणलं. वाटेत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. लहानपणापासून ती माझ्या मागेच असायची.

रविवार सगळ्यात वाईट. रविवारी दुपारी तिच्या पोटात गोळा यायचा. डोळे मिटायचे, दोन मिनिटांत उघडायचे.

“उद्या काय हा?” मी विचारलं.

“माका काय ठावक? कायतरी देवचा ऱ्हवला हा. कोणाक देवचा, ता आठवणा नाय.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एक घड्याळ चारशे घड्याळांना ओढत होतं हे खरं, पण फळी तीच होती. चारशे घड्याळंही एकाला ओढत होती. खाली उतारावर चारशे माणसं सोमवारच्या विचाराने घामाघूम होत होती. तिथून थोडा थोडा सोमवार पट्ट्यातून वर येत होता आणि माझ्या आत्येच्या दंडात उतरत होता. पाहुणे हलके होऊन परत जायचे. तो भार कुठे राहतो, हे कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं नव्हतं.

त्या रविवारी मी तिच्या दंडाचा पट्टा काढला. तिला एक दुपार सुट्टी द्यावी, एवढंच मनात होतं. पण पट्टा रिकामा राहिला तर कचेरीत दिवा लागतो, म्हणून मी तो खुराड्यातल्या तलंगेच्या मांडीला रबराने बांधला. कोंबडीचे ठोके मिनिटाला तीनशे. यंत्राने आकडा चुकीचा ठरवला, चारने भागला आणि पुढे पाठवला. यंत्रं समजूतदार असतात.

पहिला तासभर पाहुणे फक्त एकदम दचकून बाजूला बघत होते. मग अंगणावरून घारीची सावली गेली. तलंग खुराड्यात घुसली आणि खाली उतारावर पावणेचारशे माणसं एकाच क्षणी पलंगांखाली गेली. लॉनवर चकत्या लावलेल्या चटयांवर योग करणारे उरलेले पंचवीस जण एका टेबलाखाली मावले. ते टेबल सहा जणांचं होतं. नंतर अभिप्राय आले. एका बँक अधिकाऱ्याने लिहिलं, ‘आयुष्यात पहिल्यांदा वर्तमानात जगलो.’

संध्याकाळी कंपनीचे व्यवस्थापक भोईटे घरी आले. वय तिशीचं, बोलणं मऊ. ते गावाला ‘टीम’ म्हणायचे.

“प्रणिता, टीम म्हणून आपण कोंबडी लावू शकत नाही.”

“सर, आत्येला झोप येत नाही. दोन महिने झाले.”

“मी आलेख पाहिलाय. पण पाहुण्यांना येतेय.” हे ते इतक्या प्रांजळपणे म्हणाले, की मला क्षणभर त्यांचंच पटलं. “द्वारकाताई थांबल्या तर आपल्याला सगळं बंद करावं लागेल. सगळ्यांच्या पाळ्या. मी गावाशी बोलतो.”

दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमला. भोईटे कोपऱ्यात चप्पल काढून नम्रपणे उभे राहिले. त्यांना बोलावं लागलंच नाही, आमचेच लोक बोलले.

“द्वारके, जरा सोसून घे,” मेस्त्री म्हणाला. “झोप काय, म्हाताऱ्या माणसाक येणाच नाय.”

“माझी येय होती.” आत्ये खांबापासून खांबापर्यंत फेऱ्या मारत होती. “मी सोसतंय, तर तुमी बसतास. बसान बसान तुमका काय झाला सांगा. मेस्त्र्या, तुझ्या करवतीक गंज चढलो. सुभद्रे, तू गळ्यात पाटी बांधून फिरतंस, गाय बाजारात नेतत तशी.”

सुभद्राने पाटी पदराखाली घेतली.

“जयवंता,” आत्ये म्हणाली, “गावपळणीचो कौल लाव.”

गावपळण म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. दर तीन वर्षांनी देवाने कौल दिला, की अख्खा गाव वेशीबाहेर जातो. तीन दिवस गाव देवाचा. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, एकूण एक जीव व्हाळापलीकडे खोपी घालून राहतो. जायचं सगळ्यांनी, परत यायचंही सगळ्यांनी एकदम. एकही माणूस मागे राहिलेला चालत नाही. पाळी दोन वर्षांपूर्वीच येऊन गेली होती. तेव्हा जयवंतने देवाला सांगितलं, की बुकिंग आहे. देव काही बोलला नाही. म्हणजे त्याची हरकत नाही, असं आम्ही धरून चाललो.

“आता? हंगामात?” जयवंत म्हणाला.

“देवाचो हंगाम खयचो? लाव कौल. डावी पाकळी पडली तर हो पट्टो मरेपर्यंत घालतंय, परत तोंड उघडूचंय नाय. उजवी पडली तर गाव पळतलो. सगळो.”

ती हे खरं करणारी होती.

जयवंतने गाऱ्हाणं घातलं आणि पाषाणाला दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या लावल्या. मग वाट बघणं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. देवाला घाई नव्हती. आत्येच्या अंगात चारशे माणसांची होती. तिचा पाय थांबत नव्हता, बोटं पदराला पीळ घालत होती. पण ती पाषाणापासून दहा हात लांब राहिली आणि तिने देवाला एकदाही लवकर कर म्हटलं नाही. पस्तिसाव्या मिनिटाला उजवी पाकळी पडली.

पंखा चालू होता का, असं भोईटेंनी नंतर विचारलं. चालू होता. डावी पाकळीही त्याच पंख्याखाली होती.

“ठीक आहे, परंपरेचा आदर आहे,” ते म्हणाले. “गाव जाईल. द्वारकाताई राहतील. पाहुणेही राहतील, ते काही गावचे नाहीत.”

“सर,” जयवंत म्हणाला, “तलंग रवणा नाय, थय ती कशी रवात?”

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. तीनशे बारा माणसं, गुरं, करडं, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या. आत्येने पट्टा काढून दाराच्या खिळ्याला अडकवला. कंपनीचा माणूस तो घेऊन मागे आला, तर म्हणाली, “जिवंत असात ता नेवचा. ह्या जिवंत नाय.”

व्हाळ ओलांडला आणि सुभद्राने पहिली हाक मारली. मासे नव्हतेच, तरी मारली. वर्षभर तुंबलेली हाक होती ती. बगळे उडाले. मग मेस्त्र्याने खोपीसाठी लाकडं तोडायला घेतली. जयवंत समोरच्या खोपीतल्या माणसाशी तो पलीकडच्या डोंगरावर असल्यासारखा ओरडून बोलायला लागला. मुलं पाढे ओरडून म्हणू लागली, तेव्हा कळलं, की शाळेत कोणालाच सातच्या पुढे येत नाही. मास्तर दगडावर डोकं धरून बसले.

त्या दुपारी आत्ये गोधडीवर आडवी झाली. डोळे टक्क उघडे. मी पायाशी बसले होते.

“आत्ये, माझ्यामुळे झाला ह्या सगळा.”

“सही माझी असा.”

“मी मागे लागलंय म्हणून केलंस.”

“तू लहान असताना चंद्र मागललंस. दिलंय काय? मनात इला तर मी नाय म्हणतंय.” ती कुशीवर वळली. “माका वाटला, माझ्या झोपेन चार माणसांचा बरा झाला तर काय वाईट. ती माझ्यात येवन रवतली ह्या म्हायत नव्हता.” थोड्या वेळाने म्हणाली, “झोप परत येवची नाय काय गे?”

मी म्हटलं, येतली. मला काहीही माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास भोईटेंनी चूक केली. मूळ लयीशिवाय पाहुणे अस्वस्थ झाले होते. स्वयंपाकी, माळी, पंप चालवणारा, सगळे आमच्यात. तेव्हा त्यांनी यंत्राला पाहुण्यांचीच सरासरी लय जोडून दिली. सरासरी माणूस कसा वाईट असेल, असा त्यांचा हिशोब. चारशे घाईतली हृदयं एकमेकांना टांगली आणि मध्ये संथ कोणीच नाही. एकाचे ठोके वाढले की सगळ्यांचे वाढणार, सगळ्यांचे वाढले की त्या एकाचे आणखी.

चाळीस मिनिटांनी पलीकडच्या काठावर माणसं दिसायला लागली. उताराच्या वाटेने, बॅगा ओढत, काही जण टॉवेलवर, एक बाई एका पायात चप्पल घालून. सगळी जुन्या थांब्यावर येऊन रांगेत उभी राहिली. चारशे जण, अगदी शिस्तीत. जो तो मनगट बघत होता. आम्ही अलीकडून बघत होतो.

“बस येत नाही तिथे,” मी ओरडले.

“माहीत आहे,” रांगेतला एक गृहस्थ ओरडला. “पण उशीर झालाय.”

आत्ये पुढे आली. बराच वेळ तिने त्या रांगेकडे पाहिलं. “एवढी सगळी माझ्यात होती?” ती म्हणाली. मग तिने मेस्त्र्याला पाठवून तीन किलोमीटरवरच्या थांब्याची वाट दाखवायला लावली आणि सुभद्राकरवी पेजेचं भांडं वाटेवर ठेवलं. संध्याकाळपर्यंत उतार रिकामा झाला.

शनिवारी दुपारी खोपींमध्ये बाजार भरल्यासारखं होतं. दोन बैल भांडत होते आणि त्यांचे मालकही. कोणीतरी ढोल तापवून बघत होतं. दीड वाजता आत्ये गोधडीवर टेकली. एक वाजून पस्तीस मिनिटांनी ती घोरत होती.

मी नाडी मोजली. अट्ठेचाळीस.

कंपनीची सगळी विद्वत्ता एका जागी चुकली होती. त्यांना वाटलं, ही बाई म्हणजे मूळ लय, तिला शांतता हवी. ती मूळ बिळ काही नव्हती. करवत, हाका, पाढे, भांडणं, पन्नास वर्षं ती या फळीवर टांगलेली होती. आजूबाजूला सगळं ठीक चाललंय हे कानावर पडत होतं, म्हणून ती डोळे मिटू शकत होती. शांत वेळ लावून त्यांनी तिची फळीच काढून घेतली होती.

रविवारी वेशीवरच्या पाषाणाला परतीचा कौल लावला. उजवी पाकळी लगेच पडली. लोकांनी टोपल्या उचलल्या. भोईटे पलीकडच्या काठावर हजर होते. “वेलकम बॅक, टीम. गुरुवारी नवीन बॅच आहे.”

आत्ये खाली बसली.

“द्वारके, देवान हुकूम दिल्यान,” जयवंत म्हणाला.

“दिल्यान. बरा केल्यान. मी येवचंय नाय.”

“देवाक नाय म्हणतंस?”

“देवाक नाय. त्या यंत्राच्या खोक्याक. खोको आत असा तोवर मी व्हाळ ओलांडूचंय नाय. देव तीन दिस त्याच्या वांगडा ऱ्हवलो, त्याकाच विचार कसा वाटला.”

जायचं तर सगळ्यांनी, यायचं तर सगळ्यांनी. एक माणूस बसला की गाव अडला. लोकांच्या मनात पाळ्या होत्या, पगार होते, घरची ओढ होती. मेस्त्री तोंड उघडणार एवढ्यात सुभद्राने टोपली खाली ठेवली आणि गळ्यातली पाटी काढून तिच्यावर बसली. मग मेस्त्र्याने करवत टेकवली. जयवंत सगळ्यात शेवटी बसला, पण बसण्यात आमच्यात सर्वांत अनुभवी तोच होता.

“हे बेकायदेशीर आहे,” भोईटे म्हणाले. “याविरुद्ध अपील कुठे करायचं?”

“आत्येकडे,” मी म्हटलं. “दीड ते चार सोडून.”

आठ दिवस आम्ही तिथे राहिलो. भोईटे रोज येत. खोल्या कमी करतो म्हणाले, मग पट्टा एक दिवसाआड, मग माझ्या नावे बढती. आत्ये रोज ऐकून घ्यायची आणि रोज तेच सांगायची. गुरुवारची बॅच आली आणि न जेवता परत गेली. त्यांना रांधून घालणारं, त्यांच्यासाठी झोपणारं गावात कोणी नव्हतं. सोमवारी पुन्हा कौल लावला, पुन्हा उजवी पडली. देव घरी एकटा कंटाळला असावा. आम्ही त्याची क्षमा मागितली आणि बसून राहिलो.

त्याच दिवशी दुपारी कंपनीचा टेम्पो व्हाळातून अलीकडे आला. मागे फ्रिजएवढं खोकं, दोरीने बांधलेलं. भोईटेंच्या हातात कागद होता. आडखोल गावात यापुढे कोणाच्याही शरीरातून लय घेतली जाणार नाही, खाली कंपनीची सही. त्यावर आत्येची सही हवी होती आणि ती झाली की गाव आत जाणार होता. लोकांनी खोपी मोडल्या, गुरं सोडली, डोक्यावर ओझी घेतली. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

आत्ये मोकळ्या माळावर, गोधडीवर, झोपलेली होती.

“उठवा ना त्यांना,” भोईटे म्हणाले. “एक सही फक्त.”

“नाही.”

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. ढोल वाजत होता, रेडा ओरडत होता, सुभद्रा मेस्त्र्याला त्याच्या आजोबांपासून शिव्या घालत होती. “एवढ्या गोंगाटात यांना जाग कशी येत नाही?”

“गोंगाट थांबला तरच येईल.”

भोईटेंनी दोन्ही हात वर करून मोठ्याने सांगितलं, “टीम, प्लीज, दोन मिनिटं सगळ्यांनी शांत राहा.”

तीनशे अकरा माणसांनी ते ऐकलं आणि आवाज वाढवला.